काजूच्या बागेसाठी ट्रॅप कॅमेरा निवडताना : एक प्रकरण अभ्यास

सावंतवाडी तालुक्यात, आंबोली घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात माझ्या काकांची साडेतीन एकरांची बाग आहे. वरच्या उतारावर काजू, खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाने पोफळी आणि माड, मध्ये जुना मांगर (बागेतली खोपी), तीन बाजूंना जांभ्या दगडाचा गडगा आणि चौथ्या बाजूला, जिथे गडगा कधी पुरा झालाच नाही तिथे, वनखात्याचे जंगल. काका ६८ वर्षांचे आहेत, बाग एकटेच पाहतात आणि दुपारी जेवायला व रात्री झोपायला पाऊण किलोमीटरवरच्या घरी जातात. मी पुण्यात असतो. एका शिमग्याला गावी गेलो असताना त्यांनी दोन तक्रारी एका दमात सांगितल्या. रात्री पोफळीत काहीतरी शिरते आणि रोपे मोडते, आणि हंगामात काजूची बी कोणीतरी उचलून नेते. दोन्हींवर मिळून एक कॅमेरा आणून दे, एवढीच त्यांची मागणी होती. ती पुरी करताना पहिल्या वर्षी काय चुकले, दुसऱ्या वर्षी निवडीचा पाया कसा बदलला आणि त्यातून हाती काय आले, याची ही नोंद आहे.

ट्रॅप कॅमेरा म्हणजे झाडाला किंवा खांबाला पट्ट्याने बांधायचा, पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा. एरवी तो निपचित असतो. समोरून उबदार शरीर गेले की जागा होतो, फोटो किंवा चित्रफीत घेतो आणि पुन्हा झोपतो. २०१८च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत असे कॅमेरे २६,८३८ ठिकाणी लावले गेले, त्यांतून सुमारे ३ कोटी ४८ लाख फोटो जमले आणि त्यांपैकी वाघांचे फोटो होते ७६,६५१. हे आकडे सहसा कौतुकाने सांगितले जातात. मला त्यांतून दुसरीच गोष्ट दिसते : या कॅमेऱ्याच्या पोटात जे जमते त्यातले फार थोडे आपल्याला हवे असते. जाणकारांनी जागा पारखून लावलेल्या कॅमेऱ्यांची ही कथा असेल, तर बागेत हौसेने बांधलेल्या कॅमेऱ्याकडून काय मिळेल याचा अंदाज आधीच यायला हवा होता. तो मला आला नाही.

पहिली खरेदी

पहिल्या वर्षी मी फारसा विचार न करता साडेसहा हजारांच्या आसपासचा एक कॅमेरा ऑनलाइन मागवला. खोक्यावर ‘४८ मेगापिक्सेल’ असे ठळक अक्षरांत छापले होते आणि माझा निर्णय तिथेच झाला. या वर्गातल्या बहुतेक कॅमेऱ्यांतला मूळ सेन्सर जाहिरातीतल्या आकड्याच्या मानाने कितीतरी लहान असतो. उरलेले ठिपके आतले सॉफ्टवेअर शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरते. त्यामुळे फोटोची फाइल फुगते, कार्ड लवकर भरते, दोन फोटोंमधला वेळ वाढतो आणि तपशील मात्र होता तेवढाच राहतो. हे मला नंतर, त्याच कॅमेऱ्याची सेटिंग ८ मेगापिक्सेलवर आणून दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले तेव्हा कळले. साळिंदराचे काटे दोन्हींत सारखेच धूसर होते.

कॅमेरा मी छातीच्या उंचीवर, एका तरण्या काजूच्या बारीक खोडाला, पूर्वेकडे तोंड करून बांधला. या वाक्यात तीन चुका आहेत आणि चौथी म्हणजे समोरचे केळीचे पान. १९ दिवसांनी पुन्हा गावी गेलो तेव्हा कार्डावर २,१००हून अधिक फोटो होते. मांगराच्या ओट्यावर मी लॅपटॉप उघडून बसलो, शेजारी काका अडकित्त्याने सुपारी कातरत होते. पहिल्या ३०० फोटोंत केळीचे ते एकच पान निरनिराळ्या उजेडात होते. त्यानंतर रोज सकाळी सात ते साडेसात या वेळेतले, उगवत्या सूर्याने पांढरेफटक झालेले फोटो. मग स्वतः काका, पाठमोरे, खांद्यावर कोयती. एका फोटोत नुसती काळ्या केसांची भिंत होती. बराच वेळ निरखल्यावर ती गव्याची कूस असल्याचे कळले. माणूस एकही नव्हता. काकांनी सुपारीचे खांड तोंडात टाकले आणि म्हणाले, “अरे, चोर काय फोटो काढून घेवक उभो रवतलो?”

त्या गव्याच्या फोटोवर तारीख १ जानेवारीची होती. मधल्या काळात काकांनी बॅटऱ्या बदलल्या, कॅमेऱ्याचे घड्याळ कारखान्यातल्या मूळ तारखेवर गेले आणि ते पुन्हा लावायचे असते हे मी त्यांना सांगितलेच नव्हते. गवा कोणत्या रात्री, किती वाजता आला, हे त्यामुळे कायमचे हुकले. चोराचा फोटो मिळाला असता आणि त्यावर अशी तारीख असती, तर तो कोणापुढे ठेवायची सोयच उरली नसती.

प्रश्न नीट मांडल्यावर

त्याच दुपारी काकांबरोबर काजूच्या झाडांखाली फिरलो आणि कॅमेऱ्याने १९ दिवसांत न सांगितलेली गोष्ट अर्ध्या तासात समजली. पाच-सहा झाडांखाली पिवळेतांबडे बोंडू अख्खे पडले होते आणि प्रत्येकाच्या खालच्या टोकाला बी पिळून काढल्याची ओली खूण होती. काजूच्या बीच्या टरफलात कातडी भाजणारे तेल असते, म्हणून उदमांजर किंवा वटवाघूळ बोंडू खाते आणि बी टाकून देते. वटवाघळे तर बोंडू उचलून दुसऱ्याच झाडावर नेतात, आणि आमच्या फणसाखाली दर हंगामात न पेरलेल्या बिया सापडतात त्या त्यांच्याच. म्हणजे बी पडून आहे आणि बोंडू नाही, तर ते प्राण्याचे काम. बोंडू पडून आहे आणि बी नाही, तर माणसाचे. चोर माणूसच आहे हे कळायला कॅमेरा लागत नव्हता. तो कधी येतो आणि कोणत्या वाटेने, हे कळायला लागत होता.

इथे एका कॅमेऱ्याची कल्पना मोडली. व्हाळावर कोण पाणी प्यायला येते, पोफळीत कोण शिरते, हे महिन्याभराने कळले तरी त्याची किंमत उतरत नाही. उलट तीन महिन्यांचे एकत्र पाहिले तर येण्याजाण्याची लय दिसते. चोराचा फोटो मात्र तासाभराने हाती आला, तर तोवर बी बाजारात पोचलेली असते. कॅमेरा निवडताना मेगापिक्सेल, किंमत, कंपनी हे सगळे नंतरचे. फोटो आपल्याला किती उशिरा मिळाला तर चालेल, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर दोन कामांसाठी इतके वेगळे आले की दोन कॅमेरे घेणे भाग पडले. काकांच्या अंदाजाने गेल्या हंगामात दीडशे किलो बी गेली होती, त्या वेळच्या भावाने अठरा-वीस हजारांची. दोन कॅमेरे, कार्डे, बॅटऱ्या आणि पट्टे मिळून २५ हजारांच्या आत बसवायचे, असे आम्ही ठरवले.

दुपारचे आंधळेपण

या कॅमेऱ्याला जागे करणारा सेन्सर हालचाल पाहतो असे सर्रास म्हटले जाते, पण ते खरे नाही. तो शरीरातून बाहेर पडणारी उष्णता पाहतो. त्याच्यापुढचे खाचाखाचांचे प्लास्टिकचे भिंग समोरच्या जागेचे उभे पट्टे पाडते आणि भोवतालापेक्षा निराळ्या तापमानाचे काहीतरी एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेले की सेन्सरमध्ये वीज कमीजास्त होऊन कॅमेरा जागा होतो. आमच्या पहिल्या वर्षाच्या बहुतेक फजितीचा उलगडा यात होतो. उन्हाने तापलेले केळीचे पान वाऱ्याने हलले की सेन्सरच्या लेखी ते जनावरच असते. बारीक खोड वाऱ्याने डोलले की कॅमेऱ्यापुढचे सगळे दृश्यच पट्टे ओलांडू लागते. आडवा जाणारा प्राणी चटकन पकडला जातो, पण वाटेने सरळ कॅमेऱ्याकडे चालत येणारा बराच वेळ एकाच पट्ट्यात राहतो आणि अगदी जवळ आल्यावर कॅमेरा जागा होतो. गव्याच्या कुशीचा फोटो तसाच आला होता.

सगळ्यांत महत्त्वाचा परिणाम उन्हाळ्यातल्या दुपारचा. एप्रिलमध्ये आमच्याकडे दुपारी हवा ३५ अंशांच्या पुढे जाते, तापलेला जांभा त्याहून कितीतरी गरम असतो आणि माणसाच्या कातडीचे तापमानही त्याच सुमाराचे असते. फरकच उरला नाही तर सेन्सरने पकडायचे काय? याची परीक्षा आम्ही घेतली. कॅमेऱ्याची चाचणीची सोय चालू केली की माणूस सापडताच पुढचा लहान दिवा लुकलुकतो. सकाळी सात वाजता काका कॅमेऱ्यापासून चौदा पावलांवरून आडवे गेले तरी दिवा लागत होता. दुपारी एक वाजता त्याच जागी तो सहा पावलांच्या आत आल्याशिवाय लागेना. काका बारा वाजता पेज जेवायला घरी जातात आणि तीनला परत येतात, हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे. बी जाते ती याच तीन तासांत, अशी शंका मला पहिल्यांदा त्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे पाहताना आली.

म्हणून चोरीच्या बाजूच्या कॅमेऱ्यासाठी दोन अटी ठरल्या. पहिली जागेची : बागेत कुठेतरी मोकळ्यावर न लावता गडग्यातल्या बांबूच्या बेड्यापाशी, सावलीत, वाटेपासून चार-पाच पावलांवर आणि वाटेला काटकोनात. तिथून शिरणाऱ्याला थांबून बांबू सरकवावेच लागतात. दुसरी अट यंत्राची : सेन्सरवर विसंबून न राहता ठरावीक वेळेत ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढण्याची सोय हवी आणि ती सेन्सरच्या जोडीने एकाच वेळी चालायला हवी. कित्येक कॅमेऱ्यांत या दोहोंपैकी एकच निवडता येते आणि खोक्यावर हे लिहिलेले नसते. ते पाहायला माहितीपुस्तिका उघडावी लागते. बारा ते तीन दर मिनिटाला एक म्हणजे दिवसाला १८० फोटो. लहान आकारात ठेवले तर ३२ जीबीचे कार्ड महिनाभर सहज पुरते.

फोटो किती झटकन निघतो यावर दुकानदार फार भर देतात : ०.२ सेकंद, ०.३ सेकंद. व्हाळाच्या पायवाटेवर त्याला अर्थ आहे, कारण भेकर दोन उड्यांत चौकटीबाहेर जाते आणि मागे फक्त शेपूट उरते. बेड्यापाशी माणूस दहा सेकंद उभा असतो, तिथे एक सेकंद उशीर झाला तरी बिघडत नाही. तेव्हा चपळाईचे पैसे आम्ही प्राण्यांच्या कॅमेऱ्यात घातले, चोराच्या नव्हे.

रात्रीचा उजेड

रात्री हे कॅमेरे अवरक्त दिव्यांनी उजेड पाडतात आणि फोटो काळापांढरा येतो. ८५० नॅनोमीटरचे दिवे लांबवर पोचतात, पण पेटताना त्यांचा मंद तांबडा ठिपक्यांचा पुंजका डोळ्यांना दिसतो. ९४० नॅनोमीटरचे दिवे माणसाला दिसत नाहीत, मात्र त्यांची पोच कमी आणि फोटो जास्त दाणेदार. बेड्यापाशी अंतर चार-पाच पावलांचे असल्याने पोचेचा प्रश्नच नव्हता आणि अंधारात तांबडे ठिपके दिसले की चोर बी सोडून आधी कॅमेरा नेणार. तिथे ९४० घेतला. व्हाळाकडे पलीकडच्या काठापर्यंत उजेड हवा होता, तिथे ८५०. काही प्राणी त्या ठिपक्यांकडे टक लावून पाहतात हे खरे आहे. आमच्या बिबट्याने एकदा पाहिले आणि पुढच्या आठवड्यात तो पुन्हा त्याच वाटेने आला.

पांढऱ्या फ्लॅशचेही कॅमेरे मिळतात आणि रात्रीचा रंगीत, रेखीव फोटो हवा असलेल्या अभ्यासकांना ते सोयीचे असतात. वाघाच्या पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखायचा तर फोटो तसाच स्वच्छ लागतो; दोन कुशींवरचे पट्टे निराळे असल्याने वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. आम्हाला पोफळीत शिरणारा गवा की रानडुक्कर एवढेच पाहायचे होते.

बेड्यापाशी नेटवर्क किती

बेड्याजवळचा कॅमेरा फोटो मोबाइलवर पाठवणारा, म्हणजे सिमकार्डाचा, हवा हे ठरले होते. इथे बाहेरगावच्या नातेवाइकाकडून चुका होण्याची शक्यता सर्वांत जास्त. परदेशी, विशेषतः अमेरिकी बाजारासाठी बनवलेले सिमवाले कॅमेरे तिथल्या कंपन्यांच्या रेडिओलहरींवर चालतात आणि पुष्कळदा त्यांच्याच सिमला बांधलेले असतात. नातेवाईक तिकडून घेऊन आला म्हणून ते सावंतवाडीत चालत नाहीत. जुन्या साठ्यातले टूजी-थ्रीजीवरचे कॅमेरे स्वस्त मिळतात, पण जिओचे जाळे पहिल्यापासून फोरजीचे आहे, त्यावर ते मुकेच राहतील. कॅमेऱ्याच्या माहितीत बँड, म्हणजे नेटवर्कच्या लहरींचे पट्टे, ३, ५ आणि ४० आहेत की नाहीत एवढे पाहावे. त्यांतला बँड ५, म्हणजे ८५० मेगाहर्ट्झचा, झाडीतून आणि डोंगराआडून बरा पोचतो.

मी दोन कंपन्यांची सिमकार्डे दोन फोनमध्ये घालून बेड्यापाशी, कॅमेरा जिथे बांधायचा त्याच उंचीवर फोन धरून, सकाळी, दुपारी साडेबाराला आणि रात्री नऊला एकेक फोटो पाठवून पाहिला. दहा पावले डावीकडे सरकले की एका कंपनीचे नेटवर्क साफ जात होते. या चाचणीनेच सौरऊर्जेवरच्या सीसीटीव्हीचा पर्याय बाद झाला. शेतावर सध्या तो बराच दिसतो, घरबसल्या थेट दृश्य दाखवतो आणि चांगले नेटवर्क असलेल्या मोकळ्या शेतावर मी आजही तोच घ्यायला सांगेन. आमच्या बेड्यापाशी मात्र थेट चित्र अडखळत होते, तर दोनशे केबीचा लहान फोटो अर्ध्या मिनिटात निघून जात होता. कॅमेरा आधी असा लहान फोटो पाठवतो आणि मोठा कार्डावर ठेवतो, ही सोय इथे निर्णायक ठरली. फोटो कोणत्या ॲपमधून येतात, मोफत किती आणि त्यानंतर महिन्याला किती द्यावे लागतील, हेही आधीच विचारून घेतले, कारण काही कॅमेऱ्यांची खरी किंमत वर्षभराच्या वर्गणीत असते.

सेल, मुंगळे, पाऊस

दोन्ही कॅमेऱ्यांना आठ-आठ पेन्सिल सेल लागतात. साधे अल्कलाइन सेल जसजसे उतरतात तसतसा त्यांचा विजेचा दाब पडतो आणि त्याचा फटका आधी रात्रीच्या दिव्यांना बसतो : दिवसाचे फोटो ठीक, रात्रीचे काळेकुट्ट. कॅमेरा बिघडला अशी जी तक्रार होते तिच्यामागे पुष्कळदा एवढेच असते. पुन्हा चार्ज होणाऱ्या निकेल सेलचा दाब मुळातच १.२ व्होल्ट, त्यामुळे काही कॅमेरे ते भरलेले असतानाही उतरलेले समजतात. लिथियमचे सेल महाग, पण शेवटपर्यंत दीड व्होल्टच्या जवळ टिकतात. व्हाळाच्या कॅमेऱ्यात लिथियम घातले, कारण तिथे महिन्यातून एकदाच जायचे होते. जितक्या फेऱ्या जास्त तितका माणसाचा वास आणि वावर जास्त. बेड्यापाशी लहान सौर तबकडी जोडली, तिला तिथे चार तास ऊन मिळते. पोफळीच्या सावलीत तबकडी बसवणे म्हणजे पैसे व्हाळात टाकणे होते, आणि वायर खारींनी कुरतडली असती ती वेगळीच.

तांबडे मुंगळे ही कोकणातली खास अडचण. आंब्या-काजूवर घरटी करणाऱ्या या मुंगळ्यांना कॅमेऱ्याच्या मागची ऊबदार पोकळी भलतीच आवडते. मुंगळ्यांची वाट नसलेले झाड निवडणे हाच साधा उपाय निघाला; व्हाळाकडे तर माडाचे जाड, न डोलणारे खोड मिळाले. तिथे उंची गुडघ्याएवढी आणि तोंड उत्तरेकडे ठेवले, म्हणजे उगवता-मावळता सूर्य समोर येत नाही. बेड्यापाशी उलट, नऊ फुटांवर, खाली झुकवून, हात पोचणार नाही असा. झाकणाच्या रबरी कडेला मातीचा एक कण अडकला तरी आत पाणी जाते, मग कॅमेऱ्यावर आयपी-६६ (धूळ-पाणी आत न जाण्याची खूण) लिहिलेले असो की आणखी काही. आंबोलीला वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पायथ्याशी तो कमी म्हटला तरी कमी नसतो. म्हणून मृगाच्या आधी दोन्ही कॅमेरे उतरवायचे, हे खरेदीपूर्वीच ठरवून टाकले आणि पावसातल्या टिकाऊपणासाठी जादा पैसे मोजले नाहीत.

वाट कोणाची

यंत्राइतकाच वेळ या प्रश्नाने घेतला. बागेच्या कडेने वाडीतल्या लोकांची पायवाट जाते आणि व्हाळाच्या खालच्या कोंडीवर बायका कपडे धुतात. व्हाळाचा कॅमेरा पहिल्यांदा बांधला तेव्हा चौकटीच्या कोपऱ्यात ती कोंड येत होती. काकूंनी लॅपटॉपवर पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, “हो हंयसून काढा.” दहा मिनिटांत कॅमेरा वर, दुसऱ्या माडावर गेला. कायदा पाहू गेले तर स्त्रीच्या खासगी क्षणांचे चोरून चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार गुन्हा आहे. पण तिथवर जायची गरज नाही, वाडीत तोंड दाखवायचे असते.

दुसरी बाब कोकणातली नेहमीची. सातबाऱ्यावर सात नावे, वहिवाट काकांची. बेड्यापाशी कॅमेरा म्हणजे भाऊबंदांवर पाळत, असा अर्थ निघायला वेळ लागला नसता. काकांनी देवळात चारचौघांसमोर सांगितले की बागेत कॅमेरे लावतो आहोत, पायवाटेवर नाही. कुठे लावले ते सांगितले नाही. त्यावर एका म्हाताऱ्याने बागेला राखणदार (जागा राखणारे दैवत) असताना कॅमेरा कशाला, असे विचारले. काकांनी राखणदाराला आधी नारळ दिलेला होता, त्यामुळे तो मुद्दा तिथेच मिटला. जंगलाच्या बाजूला दोन्ही कॅमेऱ्यांची तोंडे आमच्याच जमिनीकडे ठेवली. वनजमिनीतल्या झाडाला परवानगीशिवाय कॅमेरा बांधायचा नाही, हे काकांना निक्षून सांगावे लागले, कारण त्यांच्या लेखी त्या बाजूची झाडे त्यांच्या आजोबांच्या ओळखीची होती.

हंगामात काय दिसले

व्हाळाच्या कॅमेऱ्याने मार्च ते मे या तीन महिन्यांत गवा, रानडुकरे, साळिंदर, भेकर, उदमांजर, मुंगूस आणि चार वेळा बिबट्या दाखवला. काकांचा संशय रानडुकरांवर होता. प्रत्यक्षात पोफळीची रोपे मोडणारा एकच दांडगा गवा होता, उजव्या शिंगाचे टोक तुटलेला, आणि तो गडगा अपुरा असलेल्या जागेतूनच येत होता, पहाटे तीन ते साडेचारच्या दरम्यान. एका चित्रफितीत तो माडाला अंग घासतो, दृश्य गदागदा हलते आणि मग पंधरा सेकंद नुसते आकाश दिसते. भरपाईचा अर्ज केला तेव्हा पंचनाम्याला आलेल्या वनरक्षकांना ही चित्रफीत दाखवली. पंचनामा त्यांनी आपल्या पद्धतीने मोडलेली रोपे मोजूनच केला, पण नुकसान कोणी केले यावर वाद उरला नाही. बिबट्याचे फोटो आम्ही गावच्या ग्रुपवर टाकले नाहीत. ते टाकले की दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याची मागणी सुरू होते आणि तिसऱ्या दिवशी जागा पाहायला गर्दी.

बेड्याजवळचा कॅमेरा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत काकांचे, कुत्र्यांचे आणि केलड्यांचे (माकडांचे) फोटो पाठवत राहिला. मग एका मंगळवारी दुपारी १ वाजून १० मिनिटांनी माझ्या मोबाइलवर एक फोटो आला : बेड्यात वाकलेली दोन माणसे, एकाच्या खांद्यावर रिकामी पिशवी. मी काकांना फोन केला. ते जेवत होते. ते आणि शेजारचे दोघे बागेत पोचेपर्यंत २५ मिनिटे गेली आणि पिशवी निम्मी भरलेली होती. कार्ड काढून पाहिले तेव्हा कळले की तीच माणसे त्याआधी दोन वेळा, पावणेएकच्या सुमारास, फक्त कार्डावर राहिलेल्या दर मिनिटाच्या फोटोंत आली होती आणि सेन्सरने दोन्ही वेळा त्यांची दखल घेतली नव्हती. सावली, अंतर, काटकोन सगळे सांभाळूनही तीनांत एकदाच तो जागा झाला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा आकडा आहे.

पोलिसांत जायचे की नाही यावर घरात दोन मते होती. जायचे असते तर मूळ कार्ड तसेच जपून ठेवून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबतचे प्रमाणपत्र द्यावे लागले असते. त्या दृष्टीने कार्ड बाजूला काढून नवे घातलेही. काका गेले नाहीत. दोघांपैकी एकाच्या वडिलांबरोबर त्यांनी नांगर धरलेला होता. त्यांनी घरी जाऊन फोटो दाखवला, चहा घेतला आणि परत आले. त्यानंतर हंगामभर बी गेली नाही. ते त्या भेटीमुळे, कॅमेऱ्यामुळे की देवळातल्या वार्तेमुळे, हे वेगळे काढता येणार नाही, आणि कॅमेऱ्याचे पैसे पहिल्याच वर्षी वसूल झाले असे मी त्या आधारावर म्हणणार नाही.

एक गोष्ट सुटली नाही. पंपाची वायर मागच्या पावसाळ्यात कापून नेली होती आणि पावसाळ्यात आमचे कॅमेरे माळ्यावर असतात. मांगरात वीज आहे, तेव्हा तिथे पागोळीखाली साधा तारेचा सीसीटीव्ही बसवणे हेच योग्य. ट्रॅप कॅमेरा ते काम करण्यासाठी नाही. तो खर्च काकांनी तूर्त पुढे ढकलला आहे.

जूनच्या पहिल्या सरीनंतर लोक रात्री बॅटऱ्या घेऊन व्हाळात कुर्ल्या आणि चढणीचे मासे धरायला उतरतात. व्हाळाच्या कॅमेऱ्यावरची शेवटची चित्रफीत त्यांचीच आहे. एक मुलगा तांबडे ठिपके पाहून कॅमेऱ्यापर्यंत येतो, आत डोकावतो आणि दात काढतो. दुसऱ्या दिवशी आम्ही दोन्ही कॅमेरे उतरवले. काकांनी रबराची कड पंच्याने पुसली, पडद्यावरची तारीख मोठ्याने वाचली, मनगटावरच्या घड्याळाशी वेळ जुळवून पाहिली आणि मगच सेल काढले.